सायकलसाठी मी काय काय घेतलं आणि का

गेल्या चार महिन्यांत मी सायकलच्या सामानावर ६,२६० रुपये खर्च केले. सायकलचे पैसे यात धरलेले नाहीत, ती ओळखीतून जुनीच घेतली आहे. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, चमकणारं जाकीट, घोट्याच्या पट्ट्या, सीट, हातमोजे, काट्याचा पंप, पंक्चरचं सामान, ॲलन चाव्यांचा संच, ब्रेकची रबरं, चेनचं तेल, आरसा, घंटी, पाण्याची बाटली आणि तिचा स्टँड, हँडलच्या टोकांची दोन बुचं, एवढी ती यादी. घरच्यांच्या मते यात थोडी भर घालून नवीन सायकल आली असती. दवाखान्यात येणारे पेशंट मात्र एकेका वस्तूकडे बोट दाखवून "हे कशाला, डॉक्टर?" असं विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहावं असं ठरवलं. कारण या यादीतल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूमागे शरीराचा एखादा अवयव आहे.

माझं वय ५२. मागच्या वर्षी माझं एचबीए१सी ६.१ आलं. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, आणि त्यासाठी चालणं-फिरणं, सायकल, पोहणं यातलं जे रोज जमेल ते करायचं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम लागणं. मी सायकल निवडली, कारण सकाळी एक फेरी गणेगावच्या दिशेने आणि मग थेट दवाखाना, हे वेळेत बसतं.

रांजणगावात सायकलला हौस म्हणणं तसं बरोबर नाही. रविवारी पुण्याहून रंगीत जर्सी घालून महागणपतीला येणारे सायकलस्वार दिसतात, त्यांची गोष्ट वेगळी. इथे एमआयडीसीत कामाला जाणारा माणूस पगारातले पेट्रोलचे पैसे वाचवायला सायकल चालवतो. कारेगाव, ढोकसांगवी, निमगाव भोगी, अशा गावांतल्या खोल्यांमधून तिन्ही पाळ्यांना माणसं सायकलवर निघतात. सात किलोमीटर जायचं आणि सात यायचं म्हणजे रोज तासाभराहून जास्त, आठवड्याचे सहा दिवस. १५० मिनिटांचा कोटा बुधवारपर्यंतच पूर्ण होतो, तोही जिमची फी न भरता. या माणसाने सायकल सोडू नये असं डॉक्टर म्हणून मला मनापासून वाटतं. आणि ती सोडायची वेळ त्याच्यावर दोनच कारणांनी येते: दुखणं आणि अपघात.

सीट आणि गुडघा

चाळिशीतले एक कामगार गुडघेदुखीसाठी आले होते. साखर होती, गोळ्या चालू होत्या. "सायकल सोडून देऊ का? उधारीवर गाडी घेतो," असं म्हणत होते. गुडघ्याला सूज नव्हती, पाणी नव्हतं, दुखायचं ते वाटीच्या समोर. त्यांना म्हटलं, "चला, आधी सायकल दाखवा." सीट इतकी खाली होती की पायडल वर आलं की गुडघा जवळपास पोटाला लागत होता.

सीट खाली असली की प्रत्येक फेरीत गुडघा जास्त वाकतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. सात किलोमीटरमध्ये हे काही हजार वेळा घडतं. दुकानदार सीट खाली ठेवून देतो, कारण नव्या गिऱ्हाइकाला दोन्ही पाय जमिनीवर टेकले की बरं वाटतं. पण सायकल थांबल्यावर सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचे असतात.

घरी तपासायची सोपी पद्धत आहे. भिंतीला टेकून सीटवर बसा. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. त्या वेळी गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चालवताना आपण टाचेऐवजी चवडा ठेवतो, तेव्हा गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा हलका वाक राहतो. तेवढा हवाच. सीट जास्त वर गेली तर कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला दुखू लागतं. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, त्या खुणेच्या वर दांडा काढू नका. तो मोडला तर जखम फार वाईट जागी होते.

त्या गृहस्थांची सीट समोरच्या सायकलवाल्याने पाना लावून अडीच इंच वर केली. एकदम न करता दोन टप्प्यांत, म्हणजे सवय होते. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा दुखणं बरंच कमी होतं आणि गाडीच्या कर्जाचा विषय मागे पडला होता. प्रत्येक गुडघा पान्याने बरा होत नाही, हेही सांगतो. गुडघ्याला सूज, रात्री झोपेत दुखणं, गुडघा अडकणं किंवा चालताना अचानक निसटणं यांपैकी काही असेल तर तपासणी लागते.

मऊ सीट म्हणजे चांगली सीट, असं नाही

माझ्या सायकलची जुनी सीट फाटली होती. नवी घेताना दुकानदाराने जाड जेलची, सोफ्यासारखी सीट पुढे केली. मी मधे खाच असलेली, जरा कडक घेतली. त्याचं कारण असं. बसताना शरीराचा भार ढुंगणाच्या दोन हाडांवर पडायला हवा. फार मऊ सीटमध्ये ही हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन दोन्ही पायांमधल्या नाजूक जागेवर दाबतो. तिथून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की त्या भागाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. पुरुषांना येतो तसा स्त्रियांनाही येतो.

हे कुणी डॉक्टरांना सांगत नाही, लाज वाटते. म्हणून मीच सांगतो. सायकल चालवताना तिथे बधिर वाटलं तर ते अंगावर काढायचं नाही. थोडा वेळ उभं राहून पायडल मारा, सीटचं टोक वर उचललेलं असेल तर ते सपाट करून घ्या, तरी थांबलं नाही तर सीट बदला. उतरल्यानंतरही बधिरपणा टिकत असेल तर मोकळेपणाने डॉक्टरांशी बोला.

घाम आणि घर्षणाने मांडीच्या सांध्यात फोड येतात. साधी सुती, घट्ट शिवण नसलेली अंतर्वस्त्रं घाला आणि कामावरून आल्यावर अंघोळ करून ती बदला. मधुमेह असेल तर असा फोड दोन दिवस सुद्धा दुर्लक्षित ठेवू नका.

हातमोजे

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग बधिर होतो, अशी तक्रार लांब सायकल चालवणाऱ्यांकडून नेहमी येते. कोपराला काही लागलं की करंटसारखी झिणझिणी जाते ना, तीच नस पुढे तळहाताच्या करंगळीकडच्या कडेने बोटांत जाते. हँडलवर जोर देऊन टेकलं की ती तिथे दाबली जाते. जाड तळव्याचे हातमोजे, फाटलेल्या मुठी बदलणं आणि दर दहा मिनिटांनी हाताची जागा हलवणं याने बहुतेकांना फरक पडतो. बधिरपणा अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत असेल तर दाबलेली नस दुसरी असते. बधिरपणा काही दिवस टिकला, किंवा कुलपात चावी फिरवताना, शर्टाचं बटण लावताना बोटांत जोर येईनासा झाला, तर थांबू नका.

हवा, काटे आणि पंप

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आहे, त्यामुळे पंक्चरचं सामान मी घेतलंच. टायर काढायचे दोन प्लास्टिकचे पट्टे, घासकागद, ठिगळं आणि सोल्यूशन. ट्यूब जोडून झाली तरी काटा टायरमध्ये तसाच राहतो. तो शोधायला टायरच्या आतून उघडं बोट फिरवू नका, फडकं फिरवा. काटा किंवा तार हातात घुसली तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते डॉक्टरांना सांगा. सोल्यूशनची ट्यूब मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. त्याचा वास हुंगण्याचं व्यसन लागतं आणि ते मेंदूवर आणि हृदयावर घातक परिणाम करतं.

हवा दाखवणारा काटा असलेला पंप ही यादीतली महागातली वस्तू. टायर किती हवा सोसतो ते टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. हवा कमी असली की सायकल जड जाते आणि जास्तीचा जोर गुडघ्यावर येतो. प्रमाणाबाहेर भरली तर प्रत्येक खड्डा थेट कमरेला कळतो. हवेचा टायर मुळात याच त्रासावरचा उपाय म्हणून आला. बेलफास्टमध्ये राहणारे जॉन बॉइड डनलॉप हे जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलला धक्के फार बसायचे, म्हणून त्यांनी हवा भरलेली रबरी नळी चाकावर बसवली आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं.

चेनला तेल घालून हात काळे झाले की बरेच जण रॉकेल किंवा पेट्रोलने धुतात. त्याने कातडीवरचं नैसर्गिक तेल जातं, भेगा पडतात, पुढे खाज आणि इसब. खोबरेल तेल चोळून मग साबण लावला की ग्रीस निघतं. आणि रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान मुलं पाणी समजून पितात. असं झालं तर उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही, तडक दवाखाना गाठायचा.

मागचा लाल दिवा

यादीतली सगळ्यात आधी घेतलेली वस्तू ही. माझ्याकडे रात्री आणलेल्या एका तरुणाला पाहिल्यावर. दुसरी पाळी संपवून तो हायवेच्या कडेने खोलीवर निघाला होता, मागून धडक बसली. मांडीचं हाड मोडलं होतं. पाय आधार देऊन बांधला, सलाइन लावलं आणि १०८ ने पुढे पाठवला. तो वाचला, पण आज थोडा लंगडतो आणि गावाकडे परत गेला आहे. त्याच्या सायकलला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता, अंगात गडद निळा युनिफॉर्म होता.

हिशोब करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे येते. चालकाला काहीतरी दिसलं, मेंदूने ओळखलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपले. त्यामुळे तुम्ही २५ मीटरवर दिसून उपयोग नाही, फार आधी दिसायला हवं. मागचा लाल दिवा तेच काम करतो. घोट्याला बांधायच्या चमकत्या पट्ट्या स्वस्त आहेत आणि फार उपयोगी. पायडल मारताना त्या वर-खाली होतात, आणि पुढे माणूस आहे हे चालकाच्या डोळ्याला चटकन ओळखू येतं. रस्त्याकडेच्या दगडाला किंवा खांबाला पाय हलवता येत नाहीत.

आरसा उजव्या बाजूला लावला, कारण आपल्याला ओलांडणारी गाडी उजवीकडून येते. मागे वळून बघताना सायकल नेमकी रस्त्याच्या मधे सरकते, ते टळतं. ब्रेकची रबरं झिजून गुळगुळीत झाली असतील तर पावसाळ्याची वाट न बघता बदला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सगळी खरेदी सायकलवाल्यानेच करायची, हा न्याय नाही. गाळपाच्या हंगामात उसाने भरलेल्या ट्रेलरना मागे धड दिवा नसतो, हायवेला सायकलसाठी वेगळी जागा नसते, आणि चुकीच्या बाजूने येणाऱ्या गाड्या तर तुम्ही रोज बघता. जगभरात रस्त्यावर मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पायी चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवाले असतात. कंपन्यांनी युनिफॉर्मच्या पाठीवर आणि पायावर चमकणारी पट्टी शिवून द्यावी, ट्रेलरमालकांनी मागे पट्ट्या लावाव्यात, ग्रामपंचायतींनी फाट्यावर उजेड करावा, यात मोठा खर्च नाही.

हेल्मेट

सायकलचं हेल्मेट हलकं असतं, आत थर्मोकोलसारखा थर असतो. डोकं आपटलं की तो थर स्वतः चेपतो आणि धक्का कवटीपर्यंत कमी पोचतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी वापरायचं नाही. घालताना पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर हवी, पट्ट्यांचा जोड कानाखाली, आणि हनुवटीखाली जेमतेम बोट जाईल इतका पट्टा घट्ट. मागे सरकवून, टोपीसारखं घातलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं.

हेल्मेटच्या इतिहासात एक डॉक्टर आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून जात असताना सायकलवरची दोन मुलं वाचवायला गेले आणि पडले. डोक्याला मार लागला, सहा दिवसांनी ते गेले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांत मेंदूचे शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स होते. केर्न्स यांनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून हेल्मेटची गरज मांडली, त्यांचा लेख १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला.

वीस रुपयांची बुचं, आणि घरातली मुलं

हँडलच्या टोकाला रबरी मूठ फाटून लोखंडी नळी उघडी पडलेली असते. मूल पडतं, हँडल वळतं आणि ती नळी पोटात बसते. बाहेर फक्त एक गोल लाल वण दिसतो, पण आत यकृत, पाणथरी, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. मूल तासभर खेळतं सुद्धा, आणि त्रास नंतर सुरू होतो. पोटात दुखणं, उलट्या, चेहरा पांढरा पडणं, पोट ताठ होणं, खांद्यात दुखणं यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा आणि "हँडल पोटात लागलं" हे आवर्जून सांगा. माझ्या यादीतली वीस रुपयांची दोन बुचं यासाठी आहेत.

दुसरी इजा कॅरिअरवर बसवलेल्या मुलाची. पाय आऱ्यांमध्ये जातो आणि टाच चिरडते. चाक पुढे फिरवून पाय ओढू नका. चाक हळूच मागे फिरवा, निघत नसेल तर आरे कापा. जखम वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने झाका. हळद, टूथपेस्ट, राख काही लावू नका. ही जखम पहिल्या दिवशी साधी वाटते, पण चिरडलेली कातडी तीन-चार दिवसांनी काळी पडू शकते. म्हणून लहान दिसली तरी दाखवा आणि पुन्हा बोलावलं की या. चाकाला जाळी आणि मुलाला पाय ठेवायला जागा, एवढ्याने हे टळतं.

शाळेत जाणाऱ्या मुलींनी ओढणी मागे गाठ मारून बांधावी. चाकात गेलेली ओढणी गळ्याला फास लावते. चेनचं कव्हर निघालं असेल तर परत बसवा. चालत्या चेनमध्ये बोट गेलं आणि तुटलं, तर तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकायचा नाही.

पाचशे रुपयांत काय घ्यावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो रास्त आहे. सगळ्यांनी सहा हजार घालावेत असं मी म्हणणार नाही. पाचशेच्या आसपास बसेल अशी माझी निवड: मागचा लाल दिवा, मडगार्डला आणि पायडलला लावायची चमकती पट्टी, ब्रेकची नवी रबरं, हँडलची बुचं. सीटची उंची फुकट बदलता येते. पुढच्या बोनसला हेल्मेट. हातमोजे, आरसा, पंप हे त्यानंतर.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी सीटखालच्या पिशवीत साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर उतरून लगेच साखर खायची. त्याच पिशवीत एक चिठ्ठी: नाव, घरचा फोन, चालू औषधं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर "थोडंच राहिलंय" म्हणून पुढे जायचं नाही, तिथेच थांबून मदत मागायची.

माझं एचबीए१सी आता ५.८ आहे. त्यात सायकलचा वाटा आहे, रात्रीचं जेवण लवकर करण्याचाही आहे. पुढच्या वेळी गुडघा, कंबर किंवा हाताचा बधिरपणा घेऊन दवाखान्यात याल, तेव्हा सायकलवरच या. औषध लिहून देण्याआधी मला एकदा तुमची सीट बघायची आहे, आणि मागचा दिवा लागतो का तेही.